घरच्या पार्किंगमध्ये गाडीचा ॲक्सल बदलता येईल का?

घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या बाजूला राहणाऱ्या एका गाडीमालकांनी प्रश्न विचारला आहे. त्यांची पुढच्या चाकांवर चालणारी, नऊ वर्षे जुनी, साध्या गिअरची पेट्रोल हॅचबॅक आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवले की पुढच्या डाव्या चाकाकडून ‘कट-कट-कट’ असा आवाज येतो. गॅरेजमध्ये दोन्ही ॲक्सल बदलायला सांगितले आहेत. हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करता येईल का, दोन्ही बाजू खरोखरच बदलाव्या लागतील का, आणि तोवर रोज गायमुख घाटातून मीरा रोडला जाणे धोक्याचे आहे का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. मी पंचवीसहून अधिक वर्षे ठाण्यात गाड्यांच्या सस्पेन्शनची आणि ॲक्सलची कामे करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण विचारले आहे की ॲक्सल निघेल का. निघेल, त्यात विशेष अवघड काही नाही. खरा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे: आवाज ॲक्सलचाच आहे का, गाडी सुरक्षितपणे उचलून धरता येईल अशी जमीन आपल्याकडे आहे का, आणि हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाच्या, मधला तो एक मोठा नट सोडवण्याची व पुन्हा योग्य ताकदीने आवळण्याची सोय आहे का. या तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर एका शनिवारी काम होईल. एकाचेही ‘नाही’ असेल तर गाडी गॅरेजलाच द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी आवाजाबद्दल. ज्याला आपण सर्रास ॲक्सल म्हणतो तो गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणारा दांडा असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक जॉइंट असतो. चाकाकडच्या बाहेरच्या जॉइंटमध्ये सहसा सहा पोलादी गोळ्या खाचांमध्ये फिरतात, त्यामुळे चाक वळलेले असतानाही फिरण्याची गती एकसारखी राहते. गिअरबॉक्सकडच्या आतल्या जॉइंटमध्ये बहुतेक छोट्या गाड्यांत तीन रोलर असतात आणि ते एका वाटीत आत-बाहेर सरकतात, कारण चाक खड्ड्यात खाली-वर झाले की दांड्याला लांबी कमी-जास्त करावी लागते. दोन्ही जॉइंटवर रबराचे बूट असतात आणि आत काळे ग्रीस भरलेले असते. जॉइंट सहसा आपणहून झिजत नाही. आधी बूट फाटतो, ग्रीस बाहेर उडते, मग पावसाचे पाणी आणि रस्त्यावरची कच आत जाते, आणि त्यानंतर काही आठवड्यांत गोळ्यांच्या खाचा खराब होतात. आपल्या भागात जूनमध्ये फाटलेला बूट कुणी पाहिला नाही, तर गणपतीपर्यंत तो जॉइंट बोलू लागतो, हे मी दर वर्षी पाहतो.

म्हणून प्रथम टॉर्च घेऊन चाकामागे वाकून पाहावे. बूट फाटला असेल तर रिमच्या आतल्या बाजूला, लोअर आर्मवर, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्यावर, आणि शॉकअपच्या खालच्या भागावर काळ्या ग्रीसचा एक पट्टा उडालेला दिसेल. त्यावर धूळ बसून तो डांबरासारखा झालेला असतो. तो दिसला की निदान जवळजवळ पक्के समजावे. मग मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून, पहिल्या गिअरमध्ये हळू, किंचित जोर देत दोन्ही दिशांना गोल फिरवावे. बहुतेक वेळा वळणाच्या बाहेरच्या बाजूचा जॉइंट जास्त वाजतो, म्हणजे उजवीकडे वळताना डावा. मात्र गाडीत बसून ऐकलेला आवाज बाजू बदलून ऐकू येतो, म्हणून एखाद्या जाणत्या माणसाला गाडीबाहेर सुरक्षित अंतरावर उभे करून ऐकायला सांगावे. स्पीडब्रेकरवरून जाताना येणारी ‘खट-खट’ बहुधा लिंक रॉडची किंवा आर्मच्या बुशची असते. वेगाबरोबर वाढत जाणारी घुमघुम चाकाच्या बेअरिंगची असते. सरळ रस्त्यावर जोर दिला की गाडी थरथरते आणि पाय सोडला की शांत होते, असे असेल तर आतला जॉइंट तपासावा. या तीन आवाजांपायी विनाकारण बदललेले चांगले ॲक्सल मी माझ्या बाकावर पाहिले आहेत, म्हणून या पायरीवर अर्धा तास अधिक गेला तरी तो घालवावा.

दोन्ही बाजूंच्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते. उजव्या बाजूचे दोन्ही बूट शाबूत असतील, ग्रीस उडालेले नसेल, आणि दांडा हाताने हलवून पाहिल्यावर जॉइंटमध्ये ढिलेपणा जाणवत नसेल, तर उजवा ॲक्सल बदलण्याचे कारण नाही. ब्रेक पॅड जोडीने बदलतात तसा ॲक्सलचा नियम नाही. प्रत्येक बाजू तिच्या स्थितीवर ठरते. फक्त बूट फाटला असेल आणि आवाज अजिबात येत नसेल, तर जॉइंट धुऊन, नवे ग्रीस आणि नवा बूट घालून तोच ॲक्सल पुढे वर्षानुवर्षे चालतो. आपल्याकडे आवाज सुरू झाला आहे, म्हणजे खाचा खराब झाल्या आहेत आणि नवे ग्रीस भरून तो आवाज जाणार नाही. बाहेरचा एकटा जॉइंट मिळत असेल तर तोही बदलता येतो, पण घरी पहिल्यांदा काम करणाऱ्याने पूर्ण ॲक्सल घ्यावा, कारण जॉइंट दांड्यावरून ठोकून काढणे आणि बुटाचा पट्टा नीट आवळणे याला हात बसलेला लागतो.

नवा ॲक्सल दुकानातून घेताना गाडीचे वर्ष, इंजिन आणि गिअरबॉक्स सांगूनच घ्यावा, आणि डावा की उजवा हे आवर्जून सांगावे. आडवे इंजिन असलेल्या गाडीत गिअरबॉक्स एका बाजूला असतो, त्यामुळे दोन्ही ॲक्सलची लांबी वेगळी असते. घरी आल्यावर नवा आणि जुना शेजारी शेजारी ठेवून लांबी, दोन्ही टोकांच्या दात्यांची संख्या आणि एबीएस असेल तर त्याची कडी जुळते का ते पाहावे. मात्र जुना काढल्यावरच ही तुलना होते आणि तेव्हा गाडी घोडीवर, म्हणजे जॅक स्टँडवर, असते, म्हणून काम शनिवारी सकाळी सुरू करावे. रविवारी दुपारी चुकीचा भाग हातात असेल आणि दुकान बंद असेल, तर सोमवारची सगळी घडी विस्कटते. ॲक्सलबरोबरच नवा हब नट, गिअरबॉक्सकडचे नवे ऑइल सील आणि गिअर ऑइल घेऊन ठेवावे.

आता जमिनीबद्दल, आणि इथे मी मुद्दाम थांबतो. शिकाऊ असताना एका सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉकवर मी गाडी नुसत्या जॅकवर उचलली होती. खालची वाळू पावसाने धुऊन गेलेली होती. नट सोडवायला मी जोर लावला तसा एक ब्लॉक तिरका झाला, जॅक कलला आणि गाडी खाली आली. काढलेले चाक मी उस्तादांच्या सवयीप्रमाणे दरवाज्याखाली आडवे सरकवून ठेवले होते, त्यावर ती टेकली. माझा हात तेव्हा डिस्कच्या मागे होता. त्या दिवसापासून चाक काढले की ते गाडीखाली ठेवल्याशिवाय मी पुढचा पाना उचलत नाही, आणि माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांनाही उचलू देत नाही.

त्यामुळे उतारावरचे पार्किंग, पेव्हर ब्लॉक आणि मातीची जागा या कामासाठी वर्ज्य मानावी. स्टिल्टखालची सपाट काँक्रीटची जागा उत्तम. तिथे गुळगुळीत फरशी असेल तर घोडीखाली जाड प्लायवुडचा तुकडा ठेवावा. गाडीसोबत मिळणारा कात्री जॅक पंक्चर झाल्यावर चाक बदलण्यापुरता असतो; या कामाला दोन टनांचा हायड्रॉलिक ट्रॉली जॅक आणि दोन घोड्या हव्यातच. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा किंवा लाकडी ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक ओढावा. घोडी कुठे लावायची ती जागा गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेली असते. लावल्यावर गाडी हाताने चांगली हलवून पाहावी. डगमगली तर पुन्हा खाली घेऊन पुन्हा लावावी. सोसायटीच्या सचिवांना आधी सांगून ठेवणेही बरे, कारण अर्ध्या कामात गाडी हलवायला सांगितले तर ती हलवता येत नाही.

हलवता का येत नाही, याचे कारण नटात आहे. चाकाच्या बेअरिंगचे भाग हा हब नटच दाबून एकत्र धरतो. नट ढिला किंवा काढलेला असताना गाडीचे वजन चाकावर आले आणि गाडी जराही पुढे-मागे ढकलली, तर बेअरिंग खराब होते आणि दोन महिन्यांनी घुमू लागते. पण दुसरीकडे असेही आहे की घोडीवरच्या गाडीला लांब पाइप लावून हिसके देणे धोक्याचे आहे. म्हणून माझी पद्धत अशी. गाडी जमिनीवर असताना, कुणीतरी ब्रेक दाबून धरलेला असताना, चाकाच्या मधल्या भोकातून नट फक्त मोकळा होईपर्यंत, म्हणजे चतकोर वेढा, फिरवावा. लगेच पुन्हा बऱ्यापैकी आवळावा. मग गाडी उचलावी. गाडी या दरम्यान तसूभरही सरकू देऊ नये. रिममधून नटापर्यंत पोचता येत नसेल तर मात्र गाडी घोडीवर घेऊन, ब्रेक दाबूनच तो सोडवावा लागतो. अशा वेळी पाइप खालच्या दिशेने दाबावा, वर उचलू नये.

नट सोडवण्याआधी त्याचे कुलूप सोडवावे लागते. बऱ्याच गाड्यांत नटाची पातळ कड ॲक्सलच्या खाचेत ठोकून बसवलेली असते. ती छोट्या छिन्नीने किंवा पंचने पूर्ण वर उचलावी, नाहीतर नट बाहेर येताना ॲक्सलचे आटे खरवडून आणतो. काही गाड्यांत कॉटर पिन असते. पाना सहा कोनी बॉक्सचाच वापरावा. तीस किंवा बत्तीस नंबर बऱ्याच छोट्या गाड्यांना लागतो, पण आपल्या गाडीचा मोजूनच घ्यावा. ताकदीचा अंदाज यावा म्हणून सांगतो: २०० न्यूटन मीटर म्हणजे एक मीटर लांब पाइपच्या टोकाला साधारण वीस किलो वजन टांगल्याइतका जोर. नऊ वर्षांचा गंज असेल तर सोडवायला त्याहून पुष्कळ जास्त लागतो. खाडीकाठच्या खारट हवेत, विशेषतः कोपरी, ऐरोली, वाशीकडच्या गाड्यांत, मी हे नट फार चिकटलेले पाहिले आहेत. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे.

चाक काढले की प्रथम गिअर ऑइल एका स्वच्छ परातीत पूर्ण काढून घ्यावे, म्हणजे ॲक्सल निघताना ते अंगावर येत नाही. त्याही आधी भरायचा वरचा बोल्ट सुटतो की नाही ते पाहून घ्यावे. ऑइल खाली गेल्यावर तो अडकलेला आढळला तर गाडी जागेवर बसते. काढलेले ऑइल गटारात ओतू नये. ठाण्यातले बरेच नाले ठाणे खाडीला मिळतात. तिथे रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि २०२२ पासून ती रामसर यादीतील पाणथळ जागा आहे. ऑइल बाटलीत भरून ज्या गॅरेजमध्ये जळके ऑइल गोळा करतात तिथे द्यावे, सहसा कुणी नाही म्हणत नाही.

मग नकल, म्हणजे हब ज्यात बसतो आणि स्टिअरिंगबरोबर वळतो तो भाग, बाहेर झुकवायचा असतो. त्यासाठी दोन वाटा आहेत: शॉकअपचे नकलजवळचे दोन बोल्ट काढणे, किंवा खालचा बॉल जॉइंट लोअर आर्मच्या बाजूने सोडवणे. मी शक्यतो दुसरी वाट घेतो. शॉकअपच्या बोल्टच्या भोकांत थोडी मोकळीक असते, त्यामुळे ते सोडले की चाकाचा कल बदलू शकतो आणि अलाइनमेंट करणे आलेच. बॉल जॉइंटचा बोल्ट काढून आर्म टॉमीने, म्हणजे लांब लोखंडी दांड्याने, खाली दाबला की नकल ब्रेकच्या कॅलिपरसकट बाहेर येतो आणि ब्रेक उघडावा लागत नाही. ज्या गाड्यांत बॉल जॉइंट निमुळत्या टोकाने नटावर बसवलेला असतो, तिथे मात्र ओढणीशिवाय, म्हणजे पुलरशिवाय, तो सुटत नाही आणि हातोडीने ठोकून त्याचे रबर फाटते. एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, ते प्रत्येक हालचालीत पाहावे. वायरचा क्लिप आधीच सोडून ठेवावा.

ॲक्सलचे बाहेरचे टोक हबमधून सुटत नसेल तर नट दोन-तीन आट्यांवर उलटा बसवून त्यावर लाकडी ठोकळा धरून ठोकावे. जुना ॲक्सल टाकायचाच असला तरी उघड्या आट्यांवर हातोडी मारू नये, कारण टोक फुलले की ते हबच्या दात्यांतून ओढताना हबच खराब होतो.

आतले टोक काढताना नवख्यांकडून एक चूक हमखास होते. बाहेर आलेला दांडा दोन्ही हातांनी धरून ओढतात. खारघरच्या एका तरुणाने असेच केले होते आणि संध्याकाळी मला फोन केला. त्यांचा रोलरचा भाग वाटीतून निघून हातात आला होता, बूट फाटला होता, काळे ग्रीस कोपरापर्यंत होते, आणि वाटी गिअरबॉक्समध्ये जशीच्या तशी घट्ट बसलेली होती. वाटी आत एका लहान तारेच्या कडीने, म्हणजे सर्क्लिपने, अडकलेली असते. दांडा ओढून ती सुटत नाही. गिअरबॉक्स आणि वाटी यांच्यामध्ये टॉमीचे टोक घालून एक छोटा, झटकन हिसका द्यावा. हळूहळू जोर वाढवत नेल्यास कडी अधिकच रुतते. एका बाजूने नाही निघाली तर वाटी थोडी फिरवून दुसऱ्या बाजूने द्यावा. टॉमी ऑइल सीलवर टेकू देऊ नये, कारण गिअरबॉक्सचे ॲल्युमिनियम मऊ असते आणि तिथला ओरखडा आयुष्यभर गळतो. दोन्ही ॲक्सल काढायचे असतील तरी एकाच वेळी काढू नयेत. काही गिअरबॉक्समध्ये आतले गिअर जागेवरून सरकतात आणि मग गिअरबॉक्स उतरवण्याची वेळ येते.

बसवताना जुने सील काढून नवे समतल ठोकावे आणि त्याच्या ओठाला गिअर ऑइल लावावे. सर्क्लिपचे उघडे तोंड खाली ठेवून, ग्रीसच्या ठिपक्याने ती मधोमध धरून, वाटी सरळ आत न्यावी. दाते सीलच्या ओठाला लागू देऊ नयेत. दाते जुळेपर्यंत हलके फिरवावे आणि मग ठामपणे ढकलावे. कडी बसल्याचा ‘टक्’ असा आवाज येतो, त्याहीपेक्षा तो तळहाताला कळतो. मग वाटीला, दांड्याला नव्हे, धरून ओढून पाहावे. हलली पण बाहेर आली नाही, तर बसली. बाहेरचे टोक हबमध्ये घालताना दांडा वाकडा लोंबकळू देऊ नये. नवा बूट पहिल्याच दिवशी त्यामुळे फाटतो.

नवा हब नट आधी गाडी वर असताना, ब्रेक दाबून, शंभरेक न्यूटन मीटरपर्यंत आवळावा, म्हणजे बेअरिंग एकत्र धरले जाते. त्यानंतर चाक लावून, गाडी खाली घेऊन, टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या ताकदीने आवळणाऱ्या पान्याने, शेवटचा आकडा द्यावा. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो १७० ते २५० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, पण आपल्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून मिळवल्याशिवाय काम सुरूच करू नये. जेवढा जास्त आवळला तेवढा चांगला, असे इथे नाही. कमी असेल तर बेअरिंग ढिले राहते आणि जास्त झाला तर ते दाबले जाऊन तापते. शेवटी नटाची कड खाचेत ठोकायला विसरू नये. गाडी सपाट जमिनीवर असताना गिअर ऑइल भरण्याच्या भोकाच्या कडेपर्यंत भरावे, कोणते ते पुस्तिकेप्रमाणे.

पहिल्या वेळी पूर्ण दिवस धरावा. गॅरेजमध्ये आम्ही दोघे हे दीड-दोन तासांत करतो, त्याच्याशी स्वतःची तुलना करू नये. आधी आवारातच पूर्ण वळवून फिरवावी, रात्री गिअरबॉक्सखाली पुठ्ठा ठेवून सकाळी ठिपके पाहावेत, आणि शंभरेक किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासावेत. इनोव्हा क्रिस्टा, बोलेरो, इको यांसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना हे काहीही लागू नाही. त्यांचा मागचा ॲक्सल वेगळ्या रचनेचा असतो. सीव्हीटी, म्हणजे एका प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, आणि विजेवरची गाडी घरी उघडू नये.

राहिला गायमुख घाटाचा प्रश्न. फक्त पूर्ण वळवल्यावर कट-कट येत असेल, तर हळू, झटके न देता काही दिवस गाडी चालेल. पण सरळ जातानाही आवाज येऊ लागला, किंवा क्लच सोडताना ‘ठक्’ असा धक्का जाणवला, तर ती उभी करावी. जॉइंट तुटला तर सगळा जोर त्या तुटलेल्या बाजूला वाया जातो आणि चांगल्या चाकालाही ओढ मिळत नाही. शिवाय गाडी गिअरमध्ये ठेवली तरी उतारावर थांबत नाही, तिला धरायला फक्त ब्रेक उरतात. घाटात, मागे कंटेनर असताना, तशी वेळ यायला नको. म्हणून काम होईपर्यंत हँडब्रेक चढावर गाडी पक्की धरतो की नाही, हे आजच तपासून घ्यावे.